फोटोवर घेतलेली डुक्कर फियाट : एका व्यवहाराचा पूर्ण हिशोब

धुळ्यात अवधानच्या पुढे हायवेच्या कडेला कॅरियर, म्हणजे गाड्या वाहून नेणारा ट्रक, थांबला होता. डिसेंबर २०२३, सकाळचे साडेसात. ड्रायव्हरने फळ्या टाकल्या आणि आम्ही चौघांनी गाडी ढकलत खाली घेतली, कारण ती सुरू होत नव्हती. फिका निळा रंग, चकचकीत क्रोमच्या पट्ट्या, नवी कोरी सीट कव्हरं. गाडी घेणारे जिभाऊ बॉनेटवर हात ठेवून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मी खिशातून चुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधली चकती आहे ती, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून रुमालात गुंडाळून वापरतो. दाराखालची जी लांब पट्टी असते तिला ते लावलं. चिकटलं नाही. वीतभर पुढे सरकवलं, तरी नाही. मागच्या चाकाच्या जवळ गेल्यावर कुठे पकडलं. अख्ख्या पट्टीत लोखंड उरलं होतं जेमतेम हातभर. बाकी सगळी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, घासून गुळगुळीत केलेली आणि वरून रंग.

"काय व्हयनं भाऊ?" जिभाऊंनी विचारलं. मला लगेच उत्तर देता आलं नाही.

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहितोय. त्यांचं नाव देत नाही. आमच्याकडे मानाने जिभाऊ म्हणतात, तेच वापरतो. पारोळा तालुक्यात त्यांचं औषधाचं दुकान आहे, वय बावन्न. मी १९९६ पासून धुळ्यात जुन्या पेट्रोल गाड्यांचं काम करतो. वर्षातून चार-पाच जण तरी माझ्याकडे अशी न बघता घेतलेली गाडी घेऊन येतात. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, पण चूक होण्याची जागा जवळपास तीच. म्हणून यातलं एक प्रकरण पहिल्या फोनपासून शेवटच्या पावतीपर्यंत मांडावं असं वाटलं.

गाडी कुठली आणि का

जिभाऊंचे वडील खेड्यापाड्यांत डॉक्टरकी करायचे. त्यांच्याकडे फियाट ११०० सुपर सिलेक्ट होती, जुनी घेतलेली. गोल पाठ आणि फुगीर नाक यामुळे या गाडीला सगळे डुक्कर फियाट म्हणतात, आणि त्यात प्रेमच असतं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये या गाड्या तयार व्हायच्या. १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची डिलाइट आली, तीच पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांनी पाहिली. डुक्कर फियाट त्याच्या आधीची. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला हँडगियर, आणि पुढची दारं उलटी उघडणारी.

१९८८ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी ती विकली. जिभाऊ तेव्हा सतरा वर्षांचे होते. गाडी न्यायला आलेला माणूस पारोळ्याच्या चौकातून वळेपर्यंत आपण रस्त्यात उभे होतो, असं त्यांनी मला दोन वेळा सांगितलंय. "मना बापनी गाडी अशीच व्हती, हाच रंग," हे वाक्य तर दहा वेळा. वडील गेल्यावर दोन वर्षांनी मोबाइलवर लखनौच्या पलीकडच्या एका गावातली १९६३ ची निळी सुपर सिलेक्ट दिसली. विकणारा म्हणाला ३,८५,०००. आणखी दोन गिऱ्हाइकं लाइनीत आहेत, असंही म्हणाला. हे दुसरं वाक्य ते सगळ्यांनाच म्हणतात.

जिभाऊंनी मला तेव्हा फोन केला नाही. का केला नाही, हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं: तुम्ही नको म्हटलं असतं तर, अशी भीती होती. त्यांना कमी लेखायला हे लिहीत नाही. गाडीत वडील दिसत असताना माणूस पत्रा कसा बघणार? आणि विकणाऱ्याला हे पहिल्या फोनमध्येच कळतं.

तेवीस फोटो

ते तेवीस फोटो आणि दोन व्हिडिओ मी नंतर टेबलावर बसून नीट पाहिले. जे फोटोत नव्हतं त्यावरूनच बरंच कळत होतं.

गाडीखालचा एकही फोटो नव्हता. पायाखालचं रबरी मॅट उचललेला नव्हता. डिकीत स्टेपनी बसते त्या खळग्याचा नव्हता. चेसिस नंबरचा होता, पण इतका लांबून की आकडे ओळखू येईनात. आठ फोटोंत गाडी ओली होती. नुकती धुतली म्हणून, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ओल्या रंगावर लाटा दिसत नाहीत. लांबी भरलेला पत्रा कोरड्या उन्हात तिरप्या नजरेने पाहिला की पाण्यावर वारा सुटल्यासारखा हलताना दिसतो. पाणी मारलं की ते सगळं झाकलं जातं.

आणखी एक गोष्ट. फोटो नोव्हेंबरमध्ये पाठवले होते आणि "कालच काढले" असं लिहिलं होतं. गाडीच्या मागे बहाव्याचं झाड पिवळंधमक फुललेलं. बहावा फुलतो उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये. म्हणजे फोटो निदान सहा महिन्यांचे, आणि मधे एक अख्खा पावसाळा गेला होता. तो गाडीने कुठे काढला असेल ते आम्हाला उतरवल्यावर कळलं: मागच्या सीटखाली चिखलाचा थर वाळून तडकलेला होता.

व्हिडिओत इंजिन चालू होतं, चाळीस सेकंद, छान एकसारखं. पण चावी फिरवतानाचा भाग नव्हता. आधी अर्धा तास चालवून गरम केलेलं इंजिन कुणाचंही छान चालतं. रात्रभर उभ्या गाडीचं बॉनेट उघडायचं, रेडिएटरवर हात ठेवून ते थंड आहे हे दाखवायचं, आणि मग चावी, तीही सायलेन्सरचं तोंड दिसेल अशी. पहिल्या मिनिटात निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा येत राहिला तर पाणी आत शिरतंय. बेअरिंगचा ठोका मात्र मोबाइलच्या व्हिडिओत ऐकूच येत नाही, तो आवाज फोन गिळतो. त्यासाठी कान तिथेच असावा लागतो.

जिभाऊंनी विचारलेले प्रश्न मला त्यांच्या फोनमध्ये वाचायला मिळाले. हॉर्न मूळचा आहे का? हँडगियर तसाच आहे का? मागच्या काचेला पडदा होता का? रंग कंपनीचा की नंतर दिलेला? सगळे आठवणीतले प्रश्न. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, खूर उचलून बघतो, अंगावरचे भोवरे बघतो, पळवून बघतो, आणि तेवढं करूनही सोबत एक जाणता म्हातारा नेतो. पोळ्याआधी बैलजोडी घेणारा तर दोन-दोन बाजार नुसता फिरतो. ही अक्कल आमच्या भागात पिढ्यानपिढ्या आहे. साठ वर्षांची गाडी हीसुद्धा जित्राबासारखीच असते, तिलाही हात लावल्याशिवाय वय कळत नाही.

तेलाच्या डब्याचा पत्रा

आता गाडीकडे येतो, कारण खरा धडा तिथे आहे.

ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली दोन लोखंडी तुळयांची वेगळी चेसिस असते. वरचा पत्रा सडला तरी चेसिस गाडी तोलते. फियाट ११०० ला तशी चेसिस नाही. तिची जमीन, दाराखालच्या पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. म्हणून या गाडीत जमिनीचा पत्रा सडणं म्हणजे घराचा पाया सडणं. जीपवाल्याने चालवून घेतलेली गोष्ट फियाटवाल्याला परवडत नाही, आणि दोन्ही गाड्या विकणारा मात्र एकाच शब्दात सांगतो: "थोडं पत्र्याचं काम आहे."

गॅरेजमध्ये आणून मी जॅक लावला. जॅक कंपनीने ठरवलेल्या जागी लावला तर तो वर जाण्याऐवजी पट्टीतच शिरू लागला. करकर असा आवाज आला आणि काळ्या डांबरी रंगाच्या खपल्या पडल्या. थांबलो, आडवं लाकूड देऊन अ‍ॅक्सलखालून उचललं. खाली झोपून पाहिलं तर सगळीकडे ताजं अंडरकोटिंग, अगदी काळंभोर. जुन्या गाडीखाली नवं अंडरकोटिंग दिसलं की मी आधी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो. ड्रायव्हरच्या पायाखाली तो टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला. तो आत गेला.

वरून मॅट काढलं. त्याखाली गोणपाट, रेझिनमध्ये भिजवून वाळवलेलं. ते उचकटलं. त्याखाली एक सपाट पत्रा, पॉप रिव्हेट मारून बसवलेला. रिव्हेट उडवून तो उलटा केला तर त्यावर निळ्या-पिवळ्या रंगात छापलेली अक्षरं होती, अर्धी कापलेली. खाद्यतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा होता तो. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. मूळ जमीन कडेने तीन बोटं उरलेली, तीही बिस्किटासारखी मोडणारी.

जिभाऊंनी तो पत्रा हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यावर बसून ऐंशीच्या वेगाने कुणी पारोळ्याहून धुळ्याला आलं असतं, हा विचार माझ्याही डोक्यात आला आणि त्यांच्याही.

दारांचं वेगळं. डुक्कर फियाटची पुढची दारं मागे बिजागरीवर आणि मागची दारं पुढे बिजागरीवर, म्हणजे चारही दारांचं वजन दोन मधल्या खांबांवर. खांबाचा पाय सडला की पुढचं-मागचं दार एकदम खाली लोंबतं. मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मुठीला धरून वर उचललं. दार उचललं गेलं, आणि खांबही त्याच्याबरोबर अर्धा इंच वर आला. उलट्या दाराचं लॉक धावत्या गाडीत सुटलं तर वारा ते आपोआप उघडतो, बंद करत नाही. म्हणून या गाडीत खांब आणि लॉक ही जिवाची गोष्ट आहे. फोटोंत चारही दारं बंद होती.

इंजिनचं थोडक्यात सांगतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं तर दोन सिलिंडर ठीक, दोन निम्म्यावर. चारांतला फरक दहा टक्क्यांच्या आसपास असावा. ब्रेकचं मास्टर सिलिंडर जाम, पेट्रोलच्या टाकीत गंजाचा गाळ, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. ही कामं मला कठीण नाहीत, सामान आजही मिळतं. यातल्या कशाबद्दलही मी जिभाऊंना घाबरवलं नाही. माणसं इंजिनला घाबरतात आणि पत्र्याकडे दुर्लक्ष करतात. खर्च मात्र नेमका पत्र्यात असतो.

पण इंजिनवरचा नंबर पाहिला आणि दुसरा खड्डा उघडला.

कागद

आरसी बुक हाताने लिहिलेलं, कापडी बांधणीचं. त्यातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळला, एवढं नशीब. इंजिन नंबर जुळला नाही. गाडीत पद्मिनीचं इंजिन होतं. तेही १०८९ सीसी, त्याच घराण्यातलं, सहज बसतं, म्हणून कित्येक जुन्या फियाटींत ते दिसतं. इंजिन बदलण्यात पाप नाही, पण बदलल्याची नोंद आरसीवर व्हावी लागते. ती नव्हती.

मालकाचं नाव तिसऱ्याच माणसाचं. विकणाऱ्याने गाडी कधी स्वतःच्या नावावर केलीच नव्हती. त्याच्याकडे होते गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कोरे फॉर्म २९ आणि ३०, खाली मालकाची सही. आमच्याकडेही असे कोरे फॉर्म सर्रास फिरतात. जिभाऊंनी आरसीवरच्या पत्त्यावर पत्र टाकलं तेव्हा तीन आठवड्यांनी मालकाच्या मुलाचा फोन आला: वडील २०१७ मध्ये वारले.

मेलेल्या माणसाच्या सहीवर गाडी नावावर होत नाही. मालक गेल्यावर वारसाने फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून गाडी आधी आपल्या नावावर करायची, मग पुढे विकायची. म्हणजे जिभाऊंनी ज्याला पैसे दिले त्याला विकायचा अधिकारच नव्हता, आणि ज्यांना होता त्यांना गाडी विकली गेल्याचं माहीतही नव्हतं.

नोंदणीही संपलेली. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शेवटचा शिक्का २००४ चा होता. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. फी एकवेळ भरता येते. पण रेकॉर्डच संगणकावर नसेल तर भरणार कशावर? मूळ आरटीओत जाऊन जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. ते झाल्यावर ना हरकत, म्हणजे एनओसी, मग आपल्याकडच्या आरटीओत नवीन नंबर. यातली एक पायरी गाळून पुढच्या पायरीवर उडी मारता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण विकणाऱ्याने तो जिभाऊंच्या गळी उतरवला होता. "पन्नास वर्षांवरची गाडी आहे, व्हिंटेज नंबर घ्या, जुन्या कागदांची गरज नाही." जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले हे खरं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. फी २०,०००, नोंदणी दहा वर्षांची, पुढे ५,००० भरून पुन्हा, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण जी गाडी आधी भारतात नोंदलेली आहे तिची जुनी आरसी अर्जासोबत लागतेच. शिवाय व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशाच ठराविक कामांसाठी रस्त्यावर काढायची. जिभाऊंना वडिलांसारखं खेड्यापाड्यांतून हिंडायचं होतं.

हे सगळं पैसे देण्याआधी कळलं असतं का? बहुतेक सगळं. परिवहनच्या ॲपवर नंबर टाकला की गाडी सापडते किंवा सापडत नाही. सापडली नाही तर तोच पहिला इशारा. आरसीच्या सगळ्या पानांचे फोटो, अगदी कोऱ्या पानांचेसुद्धा. विकणाऱ्याच्या आधार कार्डावरचं नाव आणि आरसीवरचं नाव एकच आहे का, हे पाहायला एक मिनिट लागतं. आणि चेसिस व इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला छाप, आरटीओत पासिंगला लावतात तसा. छाप मागितला की खोटा माणूस टाळाटाळ करू लागतो. माझ्या अनुभवात ही परीक्षा फारशी चुकत नाही.

पैसे आणि प्रवास

टोकन २५,००० यूपीआयने, उरलेले ३,६०,००० गाडी कॅरियरवर चढण्याआधी आरटीजीएसने. एकरकमी. हातात पकड ठेवायची तर निदान तिसरा हिस्सा एनओसीच्या दिवसापर्यंत राखून ठेवायला हवा होता. कुणी तयार होत नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. जिभाऊंना निदान गाडी तरी मिळाली. माझ्या ओळखीत एकाला टोकन देऊन काहीच मिळालं नाही. तसं झालं तर वाट न बघता त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

कॅरियरचं भाडं २२,०००. बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, गाडीची किंमत लिहिली नाही, ट्रान्झिट विमा काढला नाही. रस्ते वाहतूक कायदा २००७ नुसार जास्त किंमत आधी जाहीर करून घेतली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती. म्हणजे सेंधव्याच्या घाटात गाडी घसरली असती तर फार तर २,२०,०००. तसं काही झालं नाही. दोन व्हीलकॅप तेवढ्या वाटेत गेल्या.

भांडण

तिसऱ्या दिवशी जिभाऊ म्हणाले, "जाऊ द्या, लोक हसतीन." मला याचा फार राग आला. त्यांचा नाही, या लाजेचा. फसवणारा याच लाजेवर जगतो.

आम्ही त्यांच्या पुतण्याकडून, तो जळगावला वकिली करतो, नीट समजून घेतलं. मालविक्री कायदा १९३० मधलं कलम ४१ सांगतं की न बघता घेतलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत. पण कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, किंवा आपणच मालकासारखं त्यावर काम सुरू केलं, तर तो स्वीकारला. म्हणून मी गाडीला पुढे पाना लावला नाही. जी जमीन उघडली होती तिचे तारखेसह फोटो काढले, तेलाच्या डब्याचे पत्रे पिशवीत बांधून ठेवले, आणि सहाव्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने व व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्हीकडून लेखी नकार गेला.

उत्तर आलं: "जैसी है वैसी बेची थी।" तसं त्याने मेसेजमध्ये लिहिलेलं होतं, आणि जिभाऊंनी त्यावर होकाराचा अंगठा पाठवला होता. पण त्याच मेसेजच्या वर त्याचंच वाक्य होतं, "बॉडी सॉलिड, पेपर क्लिअर, ट्रान्सफर १५ दिन में". जे सांगून विकलं त्याच्याशी माल जुळायला हवा. हा वर्णनावरचा सौदा होता.

दुसरी बळकट बाजू अशी की हा घरची गाडी विकणारा माणूस नव्हता. त्याच्या पानावर तेव्हा अकरा गाड्या विक्रीला होत्या. तो व्यापारी ठरत होता, म्हणून ग्राहक कायदा लागू. २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, लखनौला हेलपाटे नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं प्राधिकरण प्रमाणपत्र लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं. एखाद्या शिक्षकाने आपली जुनी गाडी विकली असती तर ग्राहक आयोगाचा हा रस्ता बंद होता, दिवाणी दावाच उरला असता.

वकिलाच्या नोटिशीनंतर पाच महिने घासाघीस चालली. शेवटी त्याने ७०,००० परत केले. गाडी परत पाठवून पूर्ण पैसे मागावेत असं माझं म्हणणं होतं, आणि आजही आहे. जिभाऊंना गाडी परत द्यायची नव्हती. १९८८ ला एकदा गेली, आता नाही, म्हणाले. यावर मी काय बोलणार? तडजोडीचा कागद सही होऊन आला त्या दुपारी आम्ही हायवेवर शेवभाजी-भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी मी जमीन कापायला घेतली.

आजवरचा खर्च

गाडी ३,८५,०००. कॅरियर २२,०००. पत्र्याचं काम १,३५,०००, रंग अजून बाकी. इंजिन ४८,०००. ब्रेक, टाकी, वायरिंग ३१,०००. दोनदा उत्तर प्रदेशात जाणं-राहणं, नोटरी, नोटीस मिळून २७,०००. एकूण ६,४८,०००, त्यातून परत मिळालेले ७०,००० वजा केले तर ५,७८,०००.

याच्या शेजारी मी दुसरा आकडा ठेवतो. भुसावळला दुपारी पुष्पक एक्सप्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौ. दोन माणसांचं जाणं-येणं, एक मुक्काम, जेवण धरून दहा हजारांच्या आत. स्वतः जाणं जमत नसेल तर त्याच गावातला, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे, आपण शोधलेला एखादा जुना मिस्त्री दोन-तीन हजारांत दोन तास देतो. त्याला कागदावर लिहून पाठवायचं: मॅट उचल, चुंबक फिरव, स्क्रू-ड्रायव्हर टेकव, जॅक लावून दार उघडझाक होतं का बघ, थंड इंजिन सुरू कर, पेन्सिलचा छाप घे. हे सगळं करताना व्हिडिओ कॉल चालू ठेव आणि कॅमेरा कुठे फिरवायचा ते आम्ही सांगू. माझी अशी यादी तयार आहे, कुणीही मागितली तरी देतो. गेल्या वर्षी चोपड्याचा एक मुलगा केरळमधून स्टँडर्ड हेरल्ड घेत होता. त्याने यादी पाठवली, तिथल्या मिस्त्रीने चेसिसच्या वेल्डिंगचा फोटो पाठवला, सौदा मोडला. मुलगा दोन दिवस नाराज होता.

आणि एक मनापासून सांगतो. आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांत, मिलवाल्यांच्या, डॉक्टरांच्या, जिनिंगवाल्यांच्या शेडमध्ये अजूनही गाड्या उभ्या आहेत. आमच्या कोरड्या उन्हात रबर तडकतं, सीट फाटते, डॅशबोर्ड उलतो, पण पत्रा दमट भागातल्या गाडीइतका सडत नाही. त्या दिसायला वाईट असतात म्हणून कुणी त्यांचे फोटो काढत नाही.

सध्या

मूळ मालकाचा मुलगा भला माणूस निघाला. त्याने मृत्यूचा दाखला पाठवला, स्वतःची संमती नोटरी करून दिली, आणि आम्ही तिथे गेलो तेव्हा घरी जेवू घातलं. त्याच्या वडिलांची ती पहिली गाडी होती, असं तो म्हणाला. जिभाऊ आणि तो ओसरीवर बसून तासभर त्याच गाडीबद्दल बोलत होते. एका बहिणीची सही राहिली आहे, ती परदेशात असते. ती आली की फॉर्म ३१, मग बॅकलॉग, इंजिन बदलाची नोंद, एनओसी, मग इथला नंबर.

गाडी माझ्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. जमीन पूर्ण नवी, जाड पत्र्याची, आणि दोन्ही खांबांचे पाय नव्याने बांधलेले. दर बुधवारी धुळ्याला औषधांची खरेदी झाली की जिभाऊ येतात, ड्रायव्हरच्या बाजूचं उलटं दार उघडतात आणि एका बोटाने ढकलून लावतात. आता ते एकदाच ठक्क वाजतं. मग विचारतात, "भाऊ, सही उनी का?"

"नही अजून," मी सांगतो, आणि चहा मागवतो.